बुडता स्टुडिओ चालवण्याचे खात्रीशीर उपाय

समजा, साल १९५० आहे आणि तुम्ही हॉलिवूडमधल्या एका बड्या स्टुडिओचे मालक आहात. सर्वप्रथम अभिनंदन. चारच वर्षांपूर्वी अमेरिकेत आठवड्याला आठ-नऊ कोटी तिकिटं खपत होती. देशाची लोकसंख्या तेव्हा १४ कोटी. म्हणजे तान्ही बाळं आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे वगळले, तर जवळपास अख्खा देश दर आठवड्याला तुमच्या तिकीटबारीवर हजेरी लावून जात होता. आता ती रांग रोडावली आहे. पण घाबरून जाऊ नका. पुढची दहा वर्षं काय काय करायचं ते सगळं सांगतो. तुमच्या धंद्यातल्या मोठमोठ्यांनी हेच केलं आहे. त्यामुळे बुडालात तरी चांगल्या संगतीत बुडाल.

पहिलं पथ्य म्हणजे प्रेक्षक गेला कुठे, याच्या चौकशीत पडायचं नाही. पडलात तर शहराबाहेर लाँग आयलंडवर लेव्हिटटाउनपर्यंत जावं लागेल. जिथे काल-परवापर्यंत बटाट्याची शेती होती, तिथे आता एकाच साच्यातली हजारो घरं उभी आहेत. युद्धावरून परत आलेल्या शिपायाला सरकारी हमीचं कर्ज, दारापुढे हिरवळीचा तुकडा, आणि १९५०च्या मॉडेलात तर टीव्हीचा संच भिंतीतच बसवून मिळतो. सुरुवातीच्या करारांत एक कलम असंही, की हे घर गोऱ्या वंशाच्या माणसांनीच वापरावं. घरकामाला ठेवलेली माणसं तेवढी चालतील. (हे कलम लक्षात ठेवा, पुढे तुमच्याच धंद्यात उपयोगी पडणार आहे.) शिपायाचं लग्न झालं आहे, एक पोर रांगतं आहे, दुसरं वाटेवर आहे. १९५७ सालापर्यंत या देशात वर्षाला ४३ लाख मुलं जन्माला येऊ लागतील. तुमचं थिएटर मात्र झुंबरं आणि गालिचे मिरवत शहराच्या ऐन मध्यावर उभं. पोरांना सांभाळायला कुणी शोधायचं, गाडी काढायची, तिकडे जाऊन पार्किंगसाठी गोल गोल फिरायचं, एवढी यातायात तो शिपाई कशाला करेल?

हा हिशेब कळला तरी कळला नाही असं दाखवा. गर्दी १९४७पासूनच ओसरायला लागली होती आणि तेव्हा टीव्ही फार थोड्या घरांत होता, ही माहितीसुद्धा तुमच्या मुनीमापाशीच राहू द्या. दोष टीव्हीला द्या. टीव्हीला दोष देण्यात मोठी सोय असते, तो उलटून बोलत नाही. अगदीच तोंड लपवायची वेळ आली तर सुप्रीम कोर्ट आहेच. १९४८मध्ये कोर्टाने सांगितलं की सिनेमे बनवणाऱ्यांनीच थिएटरंही चालवायची, हा मक्तेदारीचा खेळ बंद करा. तेव्हापासून रद्दी सिनेमाही तिकीटबारीवर हक्काने खपवायची सोय गेली. चांगला सिनेमा बनवण्याची इतकी निकड या धंद्यावर कधी आली नव्हती. तेव्हा आपण दुसरा काही उपाय बघू.

तो उपाय म्हणजे पडदा रुंद करा. घरातला पडदा बारा-चौदा इंचाचा, तर तुमचा घोड्याच्या शर्यतीला पुरेल एवढा हवा. १९५२मध्ये न्यूयॉर्कला सिनेरामा आला. तीन प्रोजेक्टर, अर्धगोलाकार पडदा आणि सुरुवातीलाच रोलर कोस्टरची सफर. लोक खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. तीन चित्रं जिथे जुळतात तिथे उभी शिवण दिसते, अशी तक्रार झालीच, तर दुर्लक्ष करा. पुढच्या वर्षी फॉक्सने सिनेमास्कोप आणला. त्याची मूळ भिंगं एका फ्रेंच प्राध्यापकाने १९२०च्या दशकातच तयार केली होती, तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्याला दारात उभं केलं नव्हतं. दुकान बुडायला लागलं की माळ्यावरच्या जुन्या पेट्या आठवतात, त्यातला प्रकार. या लांबड्या पडद्यावर दोन माणसं बोलताना दाखवणं अवघड, मध्ये एक पलंग मावेल एवढी जागा उरते. म्हणून रोमन सैन्य दाखवा. सैन्य कितीही रुंदीला पुरतं.

थ्री-डीही करून बघा. प्रेक्षकाला पुठ्ठ्याचा चश्मा द्या आणि त्याच्या तोंडावर वस्तू फेका. वॉर्नरच्या १९५३च्या ‘हाउस ऑफ वॅक्स’मध्ये एक माणूस रबरी दोरीला बांधलेला चेंडू थेट प्रेक्षकांच्या नाकावर मारत राहतो आणि लोक खरोखर मान मागे घेत. या सिनेमाचे दिग्दर्शक आंद्रे द तॉथ यांना एकच डोळा होता. खोली म्हणतात ती त्यांना पडद्यावर दिसण्याची सोय नव्हती. मालक म्हणून याचा बोध असा घ्या, की उपाय चालतो का हे उपाय करणाऱ्याला दिसलंच पाहिजे असं काही नाही. दोन प्रोजेक्टर एका तालात चालवावे लागतात. एका रिळाचा तुकडा तुटला आणि दुसऱ्या रिळातला तेवढाच तुकडा कापायला ऑपरेटर विसरला, की सगळ्या थिएटरचं डोकं दुखतं. वर्ष-दीड वर्षात ही लाट ओसरली.

इतकं करूनही खुर्च्या रिकाम्याच, तर खुर्च्यांनाच हात घाला. विल्यम कॅसल नावाच्या निर्मात्याने १९५८मध्ये भयपटाला येणाऱ्यांचा एक हजार डॉलरचा विमा उतरवला, भीतीने दगावलात तर वारसांना पैसे. पुढच्या वर्षी त्याने काही खुर्च्यांखाली मोटारी बसवल्या आणि ऐन किंकाळीच्या वेळी त्या घरघरायला लावल्या. दुसऱ्या एका सिनेमात प्लास्टिकचा हाडाचा सापळा तारेवरून प्रेक्षकांच्या डोक्यावर सोडला. दशक संपता संपता वासाचेही सिनेमे आले. फक्त एक अडचण निघाली. दृश्य बदललं तरी आधीचा वास जायला तयार नसे. एवढी चिकाटी तुमच्या कथानकात असती तर काय हवं होतं!

कथानकाचा विषय निघालाच आहे तर लेखकांचं बघून घेऊ. देशात सध्या प्रत्येक पलंगाखाली कम्युनिस्ट दिसतो आहे. १९४७मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीसमोर दहा जणांनी ‘आमचा पक्ष कुठला हे विचारायचा तुम्हाला अधिकार काय?’ असा पवित्रा घेतला आणि पुढे ते तुरुंगात गेले. त्यातले दोघे डॅनबरीच्या तुरुंगात पोचले तेव्हा समितीचे अध्यक्षमहाशय पार्नेल थॉमस आधीच तिथे होते. कचेरीत नसलेली माणसं पगारपत्रकावर दाखवून त्यांनी पैसे खाल्ले होते. पण तुम्ही यातलं फक्त व्यवहाराचं तेवढं घ्या. अशा लेखकाला उघडपणे काढून टाका, देशभक्तीचं पत्रक काढा आणि मागच्या दाराने त्याच्याचकडून पटकथा लिहून घ्या. पडद्यावर नाव दुसऱ्याचं, मोबदला पूर्वीच्या मानाने किरकोळ. काळ्या यादीइतकी काटकसरीची योजना कुठल्याही मुनीमाला सुचली नसती.

यात एकच धोका आहे, ऑस्करचा. मार्च १९५७मध्ये उत्कृष्ट कथेचं बक्षीस रॉबर्ट रिच नावाच्या लेखकाला जाहीर झालं आणि घ्यायला तो काही आलाच नाही, कारण असा लेखक नव्हताच. तो होता डाल्टन ट्रम्बो, तुरुंगात जाऊन आलेला. विशेष म्हणजे जेमतेम दीड महिना आधी ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीने असल्या मंडळींना ऑस्कर द्यायचा नाही असा नियमच केला होता. पुढच्या वर्षी तर कमाल झाली. क्वाय नदीवरच्या पुलाच्या सिनेमाला पटकथेचं ऑस्कर मिळालं ते मूळ कादंबरीचे फ्रेंच लेखक पियेर बूल यांना. बूलसाहेब इंग्रजीत लिहीत नसत. लिहिणारे होते कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन, दोघंही काळ्या यादीतले. त्यांच्या नावाने बाहुली दिली गेली ती १९८४ साली, दोघांच्याही मृत्यूनंतर. घाई करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आता शत्रूच्या गोटात डोकावू. तिकडे टीव्हीवर दर सोमवारी ल्युसिल बॉल नावाची लालकेसी बाई घरभर गोंधळ घालते, तिचा क्युबन नवरा कपाळाला हात लावतो आणि लेव्हिटटाउनचा शिपाई पोट धरून हसतो, कारण गोंधळ त्याच्याच घरातला आहे. बाई खऱ्या आयुष्यात गरोदर राहिल्या तेव्हा तेही मालिकेत घेतलं. पण ‘गरोदर’ हा शब्द उच्चारायला वाहिनीची मनाई. नवरा-बायकोचे पलंग दोन. लेखन तपासायला एक कॅथलिक पाद्री, एक प्रॉटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रब्बी. दोन पलंगांच्या घरात मूल आलं कसं, हे तिघांपैकी कुणीच विचारलं नाही. १९ जानेवारी १९५३च्या रात्री पडद्यावर बाळ जन्मलं तेव्हा ४ कोटी ४० लाख लोक बघत होते. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांचा राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथविधी झाला, तो २ कोटी ९० लाखांनी पाहिला. त्याच वर्षी बाईंचं १९३६मधलं कम्युनिस्ट म्हणून केलेलं मतदार नोंदणीपत्र सापडलं. आजोबांच्या समाधानासाठी केलं, म्हणाल्या. ‘हिच्यात लाल काय ते केस, आणि तेही खरे नाहीत,’ असं नवऱ्याने प्रेक्षकांसमोर सांगितलं आणि प्रकरण मिटलं. देशद्रोहाच्या आरोपाला लोकप्रियतेसारखा जामीन नाही. तेव्हा आरोप होण्याआधी लोकप्रिय होऊन घ्यावं, हा सल्ला लेखकमंडळींना कळवा.

आता ते मघाचं करारातलं कलम. १९५६च्या नोव्हेंबरात एनबीसी या टीव्ही वाहिनीने कृष्णवर्णीय गायक नॅट किंग कोलला स्वतःचा कार्यक्रम दिला. त्याचा आवाज सगळ्या गोऱ्या घरांत रेकॉर्डवर वाजत होता. त्या घरांतल्या बाया स्वयंपाक करता करता त्याच्या सुरात सूर मिसळत होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमला त्याच्यावर गोऱ्यांनी मंचावर चढून हल्ला केला होता, तेही गाणं चालू असताना. कार्यक्रमात एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफोंटे अशी माणसं नाममात्र पैशांत येऊन गायली. पण देशभरात माल विकणारा एकही प्रायोजक मिळाला नाही. लिपस्टिक, सिगारेट, मोटारी विकणाऱ्यांना वाटलं, दक्षिणेतलं गिऱ्हाईक बिथरेल. वर्षभराने कोलनेच तो बंद केला. जाहिरातवाल्यांच्या गल्लीबद्दल तो म्हणाला होता, मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूला अंधाराची भीती वाटते. तुम्ही मात्र प्रायोजकांचा मध्यममार्ग धरा. गाणं घ्या, गाणारा नको. कृष्णवर्णीय लिटल रिचर्डचं गाणं गोऱ्यापान पॅट बूनच्या तोंडी दिलं तर १९५६च्या यादीत ते मूळ गाण्याच्याही वर जाऊन बसलं. सूर थोडा मेल्यासारखा वाटला तरी स्वच्छतेला मार्क असतातच.

टीव्हीच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नको. ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेत क्वीन्सचा माजी सैनिक हर्बर्ट स्टेम्पेल आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. त्याला मुद्दाम बेंगरूळ सूट आणि बारीक केस ठेवायला लावलं होतं. काचेच्या खोक्यातला थंडगार वारा बंद केलेला, म्हणजे घाम खरा. आणि घाम पुसायचा नाही, रुमालाने टिपायचा, हेही शिकवलेलं. मग प्रायोजकाला देखणा चेहरा हवा झाला. कोलंबिया विद्यापीठातला, साहित्यिक घराण्यातला चार्ल्स व्हॅन डोरेन आला आणि स्टेम्पेलला हरायची आज्ञा झाली. प्रश्न होता, १९५५चा सर्वोत्कृष्ट सिनेमा कुठला? उत्तर ‘मार्टी’. त्याला ते येत होतं, सिनेमा आवडता होता. त्याने सांगितल्याप्रमाणे वर्षभर आधीच्या सिनेमाचं नाव घेतलं. गंमत बघा, ‘मार्टी’ हा मुळात टीव्हीवरच्या नाटकाचा केलेला सिनेमा. साध्यासुध्या खाटकाची गोष्ट, सैन्य नाही, चश्मा नाही, सिनेमास्कोपही नाही. त्याला ऑस्कर मिळालं, हे तुम्ही एव्हाना विसरला असालच. १९५९मध्ये व्हॅन डोरेनने काँग्रेसच्या समितीसमोर सगळं कबूल केलं. अशी फसवणूक गुन्हा ठरवणारा कायदा तोवर नव्हताच. तो १९६०मध्ये झाला.

इतक्यात तुमच्या लक्षात येईल की आईबाप टीव्हीसमोर बसले असले तरी त्यांची पोरं घरात बसत नाहीत. त्यांच्या खिशात पैसे आहेत, बापाची गाडी आहे, आणि दशकाअखेर देशात ४ हजारांवर ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायची उघडी थिएटरं आहेत, तिथे पडद्याकडे बघायची सक्ती नाही. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या किरकोळ कंपनीने याचं शास्त्रच केलं होतं. मोठं पोर बघतं ते धाकटं बघतं, धाकट्याचं मोठं बघत नाही. मुलगा बघतो ते मुलगी बघते, उलट होत नाही. म्हणून सिनेमा एकोणीस वर्षांच्या मुलासाठी काढायचा. आधी नाव ठरवायचं, मग पोस्टर, थिएटरवाल्यांना पटलं तरच पटकथा. १९५७मध्ये त्यांनी वयात येणाऱ्या मुलाचा लांडगा होताना दाखवला आणि बख्खळ पैसा केला. घराघरांतल्या आयांना तो माहितीपट वाटला असेल. टीव्हीवाल्यांचं मात्र गायक एल्व्हिस प्रेस्लीसमोर धैर्य सुटलं. जानेवारी १९५७मध्ये एड सलिव्हनच्या कार्यक्रमात त्याला कंबरेच्या वरच दाखवलं. खाली काय चाललं होतं ते सभागृहातल्या मुलींच्या किंकाळ्यांवरून देशाने ओळखलं.

एवढं सगळं करूनही स्टुडिओ चालेना, तर उद्योगपती हॉवर्ड ह्यूजचा कित्ता गिरवा. त्यांनी १९४८मध्ये आरकेओ हा स्टुडिओ ताब्यात घेतला. माणसं काढली. १९५२मध्ये कामगारांत लाल विचार आहेत का हे तपासायला चित्रीकरण थांबवलं. जेट विमानांचा एक सिनेमा १९४९मध्ये सुरू केला, तो पुन्हा पुन्हा कापत-जोडत बसले आणि लोकांपुढे आला १९५७ साली, तोवर त्यातली विमानं जुनाट झाली होती. मधल्या काळात, १९५५मध्ये, त्यांनी स्टुडिओ चक्क एका टायर कंपनीला विकला. टायरवाल्यांनी जुन्या सिनेमांचा साठा टीव्हीकडे वळवला आणि १९५७मध्ये चित्रीकरणाचं आवार विकायला काढलं. घेणाऱ्या कंपनीचं नाव देसीलू. म्हणजे ती लालकेसी बाई आणि तिचा तो नवरा. बाई एकेकाळी याच आवारात पगारी नटी होत्या, हाताला येईल ती किरकोळ भूमिका करणाऱ्या.

तेव्हा चाव्या देताना जरा अदबीने द्या. आणि सिनेमास्कोपची भिंगं, थ्री-डीचे उरलेले चश्मे घेता का, असंही हळूच विचारून बघा. बाई बहुधा नको म्हणतील. त्यांचा पडदा एकवीस इंची आहे.