दोनशे बारा नंबरचं दार

"प्रोग्रॅमिंग आहे, पण टाइप फारसं करायचं नाही," एवढ्या भांडवलावर मी रेव्हिट या इमारतींची मॉडेलं करायच्या सॉफ्टवेअरमधलं डायनॅमो शिकायला बसलो. रेव्हिटच्या मॉडेलमध्ये २१२ दारं होती आणि प्रत्येकाला नंबर द्यायचा होता. हातानं दिले असते तर एक दुपार गेली असती. ती वाचवायची म्हणून मी आठवडा घातला.

पडद्यावर नोड नावाच्या चौकटी मांडायच्या. डावीकडून माहिती आत, उजवीकडून बाहेर, मध्ये तारा. पहिले तीन नोड जोडले तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. चाळिसाव्यापर्यंत टेबलामागच्या वायरींचा जो गुंता आपण वर्षानुवर्षं बघायचं टाळतो, तोच समोर येऊन बसला.

माणूस घाबरला की पांढरा पडतो, नोड चुकला की पिवळा. तारेतून काय वाहतंय ते बघायला 'वॉच' नोड असतो. माझ्या तारांमधून बहुतेक वेळा 'नल', म्हणजे काहीच नाही, वाहायचं. नळ असता तर प्लंबर तरी बोलावला असता! शिवाय सगळ्या याद्या. यादीच्या पोटात यादी, आणि मोजायचं शून्यापासून.

दोन याद्यांची जुळणी कशी व्हावी यालाही सेटिंग असतं, 'लेसिंग'. 'शॉर्टेस्ट' म्हणजे जोडीला जोडी, धाकटी यादी संपली की थांबायचं. 'क्रॉस प्रॉडक्ट' म्हणजे सगळ्यांशी सगळे. नाव भारदस्त वाटलं म्हणून मी ते निवडलं. दर वेळी 'रन' दाबायचा कंटाळा, म्हणून ते आधीच 'ऑटोमॅटिक'वर ठेवलेलं. शेवटची तार जोडली आणि माउसवरचं बोट उचलायच्या आत काम सुरू.

एका बाजूला २१२ दारं, दुसऱ्या बाजूला २१२ नंबर. त्यानं इमानेइतबारे प्रत्येक दारावर एकेक करून सगळे नंबर लिहिले, म्हणजे एकूण ४४,९४४ वेळा. साहजिकच टिकला तो शेवटचा. तळघरापासून गच्चीपर्यंत एकजात सगळी दारं २१२ नंबरची. 'मार्क'ची, म्हणजे दाराच्या नंबराची, किंमत दोनदा आली आहे, असा इशारा रेव्हिटनं दिला. दोनदा! किती हा संयम.

शेजारची ज्युनिअर वाकून म्हणाली, "सर, शॉर्टेस्ट करा ना." केलं. आता नंबर वेगवेगळे आले, पण पहिलं दार तळघरात, दुसरं गच्चीवर, तिसरं जिन्याखाली. मॉडेलमध्ये जे दार आधी काढलं त्याचा नंबर आधी. मग प्रत्येक दाराची जागा शोधा, एक्स काढा, वाय काढा, त्यावर क्रम लावा. याला आणखी दोन दिवस.

आठव्या दिवशी १ ते २१२ असे नंबर सरळ ओळीत उभे राहिले. मी खुर्ची मागे सरकवून ते नुसते बघत होतो, तेवढ्यात आर्किटेक्टचा निरोप आला. प्रत्येक मजल्यावर नंबर पुन्हा एकपासून हवेत.

म्हणजे यादीच्या पोटात यादी.

ज्युनिअर केव्हाच घरी गेली होती.