दंड भरला तरी डाग जात नाही

गावाकडं बांधावरून भांडण झालं की एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं चुलत्याच्या मदतीला धावतं, ढकलाढकली होते, कुणाला तरी लागतं आणि मारहाण, शिवीगाळ, धमकी अशी कलमं (जुलै 2024 आधीच्या भारतीय दंड संहितेत 323, 504, 506) लागून तारखा सुरू होतात. तालुक्याला हेलपाटे मारून घरचे कंटाळतात, मग कोर्टाच्या आवारात कुणीतरी सांगतं, अरे कबूल करून टाक, हजार रुपये दंड भर, विषय संपव. पोरगं पावती खिशात घालून खुशीत घरी येतं. माझ्या ओळखीतल्या एकाचं सेम असंच झालं. पुढं कित्येक वर्षांनी सरकारी नोकरीत निवड झाली आणि साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीआधी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म) कोर्टाने दोषी ठरवलंय का हा रकाना आला. त्याने खरं ते लिहिलं आणि फाइल तिथंच अडकली.

आता बघा, दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्या पुढाऱ्याला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 8 प्रमाणे सुटकेनंतर 6 वर्षांनी परत निवडणूक लढवता येते. ही बंदी आजन्म करा अशी मागणी सुप्रीम कोर्टात आली तेव्हा फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्र सरकारने विरोध केला, शिक्षेच्या परिणामाला मुदत असण्यात घटनाविरोधी काही नाही म्हणून. मला हे मनापासून पटतं. पण मग हाच न्याय हजार रुपये दंडवाल्या पोराला का नाही? पासपोर्ट नाकारायला सुद्धा मागच्या 5 वर्षांतलीच शिक्षा बघतात, ती पण नैतिक अधःपतनाच्या (फसवणुकीसारख्या) गुन्ह्यात किमान 2 वर्षांची असेल तर. जेलमधून बाहेर आला की मतदान करता येतं. नोकरीच्या बाबतीत मात्र इतक्या वर्षांनी हे धरायचं नाही असं सांगणारा सगळ्यांना लागू कायदाच आपल्याकडे नाही. ब्रिटनने तो 1974 लाच केला.

अठराच्या आतल्या मुलांसाठी आहे सोय, बालन्याय कायद्याचं कलम 24, अपात्रता लागत नाही आणि रेकॉर्डही ठरावीक काळाने नष्ट करायचं (सोळा पुरी झालेल्या आणि मोठ्यांसारखा खटला चाललेल्याला हे नाही). म्हणजे अठरावा वाढदिवस होऊन महिना झाला असेल तर संपलं! मोठ्यांसाठी 1958 चा प्रोबेशनचा कायदा आहे, चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं तर कलम 12 मुळे अपात्रता लागत नाही, पण दोष पुसला जात नाही असं कोर्टांनीच सांगितलंय. 2016 च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की तरुणपणातली किरकोळ केस लपवली असली तरी नोकरी देणारा आपल्या मर्जीने त्याकडे दुर्लक्ष करू शकतो, पण खरं सांगितलं तरी नेमणूक द्याच अशी सक्ती नाही. म्हणजे सगळं त्या टेबलावरच्या साहेबाच्या मनावर.

बलात्कार, लहान मुलांवरचे अत्याचार यांना माफी द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, तिथं रेकॉर्ड राहिलंच पाहिजे. पण मारामारीत दंड झाला आणि नंतर पाच-सात वर्षं माणूस सरळ वागला तर तो रकाना त्याच्यासाठी बंद व्हायला हवा, आणि तसा कायदा विधानसभेत, संसदेत मागायला आपण आपापल्या आमदार-खासदाराला गाठलं पाहिजे.

आणि ज्यांच्या घरात आत्ता अशी केस चालू आहे त्यांनी कबुली द्यायच्या आधी वकिलाला तडजोडीचं विचारा. अशी किरकोळ कलमं समोरच्याच्या संमतीने मिटवता येतात आणि कायद्याने त्याचा अर्थ निर्दोष सुटका असाच होतो. कबुली दिली की दोषी. समोरचा भावकीतलाच असतो बहुतेक वेळा, चार माणसं घेऊन त्याच्या घरी जा.