‘आधीच रेकॉर्ड केलेला सोहळा’ या आक्षेपाला उत्तर

2012च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्याचा अल्बम ‘आयल्स ऑफ वंडर’, त्यावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन. सोहळा संपतो न संपतो तोच अल्बम विक्रीला आला, म्हणजे सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं होतं आणि मैदानात नुसता देखावा चालला होता. सोहळ्यात वाजलेली कितीतरी गाणी अल्बममध्ये नाहीत. आणि सतरा मिनिटांचं ते ड्रमवादन घरी बसून ऐकवत नाही.

पहिल्या आक्षेपातली माहिती अगदी बरोबर आहे. सोहळा 27 जुलैच्या रात्री झाला, डिजिटल अल्बम 28 तारखेला आला आणि सीडी 2 ऑगस्टला. इतक्या झटपट थेट ध्वनिमुद्रणाचं मिक्सिंग, मास्टरिंग आणि वितरण होऊच शकत नाही. मूळ लेखात मी ‘लाइव्ह’ हा शब्द वापरला होता. तो चुकीचा होता आणि काढून टाकला आहे. पण म्हणून मैदानात देखावा होता, हे मला मान्य नाही.

हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 400 मीटरचा ट्रॅक असलेलं मैदान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 170 मीटर लांब असतं, म्हणजे एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला अर्ध्या सेकंदाने पोचतो. आता लय बघा. खेळाडूंची पावलं झपझप पडावीत म्हणून संचलनाच्या संगीताची लय मिनिटाला 120 ठोके ठेवली होती. 120च्या लयीत दोन ठोक्यांमधलं अंतरही अर्धा सेकंदच. त्यामुळे पलीकडच्या टोकाचा वादक कानाने ऐकून वाजवायला गेला, तर तो बरोबर एक अख्खा ठोका मागे पडणार, आणि मधल्या प्रत्येकाची चूक वेगळी. लांबलचक ढोल-ताशा पथकात मागच्या रांगा ठेका सोडून का रेंगाळतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे ताशेवाल्याच्या हातांकडे नजर ठेवून सावरता येतं. इथे जवळपास हजार ड्रमवादक, तेही बहुतेक स्वयंसेवक, मैदानभर पसरलेले, आणि हातात घरगुती बादल्या नि कचऱ्याचे डबे.

यावर उपाय एकच: प्रत्येकाच्या कानात छोटा इयरफोन. त्यात क्लिकचा ठोका, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, मोजणी आणि ‘आता डावीकडे वळा’ अशा सूचना. रेडिओलहरींना एवढं अंतर कापायला जवळपास वेळच लागत नाही, म्हणून सगळ्यांना क्लिक एकाच क्षणी मिळतो. पण क्लिक आला की त्याला जोडलेला, आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅकही आलाच, कारण प्रकाश, पडद्यावरची चित्रं, आतषबाजी हे सगळं त्याच टाइमकोडवर, म्हणजे सगळ्या यंत्रांना एकच वेळ दाखवणाऱ्या संकेतावर बांधलेलं असतं. वाद्यवृंदाने उत्साहात लय थोडी जरी वाढवली, तरी पुढची आतषबाजी चुकीच्या सुरावर उडते. त्यात उघड्या मैदानातला वारा, पाऊस आणि शेकडो मायक्रोफोन. म्हणून तयार ट्रॅक वाजवणाऱ्या मुख्य यंत्राच्या जोडीला दुसरं यंत्र त्याच टाइमकोडवर मुकाट चालत ठेवतात आणि पहिलं बंद पडलं की त्यावर जातात. थेट गायन आणि तयार ट्रॅक यांची सरमिसळ झाली की काय होतं, ते याच सोहळ्यात पॉल मॅकार्टनींच्या ‘हे ज्यूड’च्या सुरुवातीला साऱ्या जगाने ऐकलं: पहिल्या काही ओळींना त्यांचा आवाज दुहेरी येत होता.

फसवणूक मी कशाला म्हणतो, तेही सांगतो. 2008च्या बीजिंग सोहळ्यात लिन मियाओके ही मुलगी मैदानात दिसली आणि आवाज होता यांग पेयी या दुसऱ्या मुलीचा. ही फसवणूक. 2006च्या तुरीनमधल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ऑपेरा गायक पाव्हारॉट्टींनी स्वतःच्याच आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर थंडीत नुसते ओठ हलवले. ही तडजोड. समोर दिसणारा माणूस आणि ट्रॅकवरचा माणूस एकच आहे का, एवढंच मी बघतो.

दुसरा आक्षेप गाण्यांचा. आधी लांबी बघा. सोहळा जवळपास पावणेचार तासांचा. एका सीडीवर फार तर 80 मिनिटं मावतात, दोन सीडींवर 160. शिवाय गाणं मैदानात वाजवण्याची परवानगी वेगळी आणि ते विकण्याची वेगळी. विक्रीसाठी गीत-संगीताचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याचा होकार लागतो आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाच्या मालकाचाही. दोघांपैकी एकाने नाही म्हटलं की गाणं गेलं. ‘रसिकांना गाळलेला माल दिला’ हे तुमचं वाक्य दुसऱ्या सीडीपुरतं मला पटतं. संचलनासाठी निवडलेली गाणी खेळाडू चालत असतानाच शोभतात. 204 देश डोळ्यांसमोरून जात नसतील, तर ती नुसती ओळखीच्या गाण्यांची यादी उरते.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मी अजिबात सहमत नाही. ‘अँड आय विल किस’ हा तुमचा सतरा मिनिटांचा, ‘अंडरवर्ल्ड’ या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीत-जोडीचा तुकडा औद्योगिक क्रांतीच्या दृश्यासाठी रचलेला आहे. हिरवळ उचलली जाते, जमिनीतून धुराडी वर येतात, तापलेली पोलादी कडी आकाशात जुळतात. टीव्हीवर हे बघताना कान डोळ्यांच्या मागे फरफटत जातो, निवेदक वर बोलत असतो, आणि प्रेक्षकांच्या गजरात ड्रमांचे थर एकमेकांत मिसळून जातात. अल्बममध्ये ते थर सुटे ऐकू येतात: खालचा जाड ठोका, त्यावर डब्यांचा कोरडा पत्र्यासारखा आवाज आणि मध्ये तालवादक एव्हलिन ग्लेनींचं वादन.

फोनच्या स्पीकरवर ऐकलं असेल, तर तुम्हाला कंटाळा येणं साहजिक आहे. तिथे खालचे स्वर येतच नाहीत, उरते ती नुसती टकटक. बऱ्या हेडफोनवर आधी ‘कॅलिबन्स ड्रीम’ लावा, म्हणजे ज्योत पेटवतानाचं संगीत. त्यात ग्लेनी अ‍ॅल्युफोन वाजवतात. ॲल्युमिनियमच्या छोट्या घंटांची ही वाद्यरचना डेन्मार्कमध्ये तयार झाली. मैदानात ज्योतीच्या कुंडाच्या तांब्याच्या 204 पाकळ्या, देशामागे एक, वर उठत असताना त्या नादाकडे कुणाचं लक्ष जाणार? अल्बममध्ये मात्र टोल पडल्यावर धातू किती वेळ घुमत राहतो, तेही ऐकू येतं. तो नाद कानात बसला की मग त्या सतरा मिनिटांकडे परत या आणि या वेळी खालच्या ठोक्याऐवजी डब्यांवर लक्ष ठेवा.