तिचं नाव केट मॉर्गन

कॅलिफोर्नियातल्या हॉटेल डेल कोरोनाडोत ३३२७ नंबरची खोली लोक मुद्दाम मागून घेतात. दिवे लुकलुकतात, पडदे हलतात म्हणे. काल त्या खोलीचा आणखी एक व्हिडिओ पाहिला. ज्या बाईचं भूत तिथे आहे म्हणतात, तिचं नाव शेवटपर्यंत काही आलं नाही. म्हणून हे लिहितेय.

केट मॉर्गन, वय विशीतलं. नोव्हेंबर १८९२ मध्ये ती खोटं नाव लावून एकटीच तिथे उतरली. अंगात दुखणं होतं. भाऊ येणार आहे असं नोकरांना सांगायची. कुणी आलं नाही. पाच दिवसांनी सकाळी समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर ती मेलेली सापडली, डोक्यात गोळी. आत्महत्या, असा निकाल लागला. ओळख पटेना तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला ‘सुंदर अनोळखी स्त्री’ करून टाकलं. त्या पाच दिवसांत तिने दाराकडे किती वेळा पाहिलं असेल! मला झोप येत नाही ती या विचाराने.

भुताच्या गोष्टी मला लहानपणापासून आवडतात. जुन्या हॉटेलांत आवाज येतात, तेही खरंच. रात्री गारवा वाढला की लाकूड आकसून कुरकुरतं, वाफेच्या नळांत ठोके पडतात. त्यात परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूची एक बाजू कमी गाढ झोपते, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलंय. घाबरलेल्या माणसाला मी खोटारडा म्हणणार नाही.

पण कोलोरॅडोच्या स्टॅन्ली हॉटेलची गोष्ट घ्या. १९११ मध्ये वीज गेली, खोल्या आवरणारी बाई मेणबत्ती घेऊन २१७ नंबरमध्ये गेली आणि साठलेल्या गॅसचा स्फोट झाला. ती वाचली! बरी होऊन पुन्हा कामावर आली, असं हॉटेलच सांगतं. आणि आज तिचं भूत पाहुण्यांचं सामान आवरतं म्हणे. एवढ्या स्फोटातून जगलेल्या बाईला आपण मेल्यावरही चाकरीलाच जुंपलं.

सर्वात जास्त राग येतो तो आर्कान्सातल्या क्रेसेंट हॉटेलचा. १९३७ मध्ये नॉर्मन बेकरने तिथे कॅन्सरचं हॉस्पिटल थाटलं. वैद्यकीय शिक्षण काहीही नाही, जाहिरात मात्र हमखास बरं करण्याची. हताश माणसं शेवटची पुंजी घेऊन आली. १९४० मध्ये तो दोषी ठरला, चार वर्षांची शिक्षा झाली, तीसुद्धा टपालातून फसवणूक केली म्हणून. आता तळघरातल्या त्याच्या शवागारात भुतं दाखवायला तिकीट लावून लोकांना नेतात. नेऊ देत. पण तिथे उभं राहून आधी फसवल्या गेलेल्या माणसांबद्दल बोलावं, दिवे नंतर घालवावेत. एवढं मागणं जास्त आहे का?

केटची कबर सॅन डिएगोच्या माउंट होप दफनभूमीत आहे. कोरोनाडोला जाणारं कुणी असेल तर तिथेही जाऊन या. फोटो मला नक्की पाठवा.