वारकऱ्यांना ‘कल्ट’ म्हटलं म्हणून चिडण्याआधी

रात्री साडेअकराला मामांचा फोन. मामा गेली बावीस वर्षं आळंदीहून पंढरपूरला पायी जातात. “तुझ्या त्या इंग्रजीत आपल्याला कल्ट म्हणतात म्हणे? भोंदू बाबाची टोळी?” दिंडीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला होता. सकाळपर्यंत मलाही तो तीन ठिकाणांहून आला. मजकूर असा: ‘सेक्ट’ म्हणजे धर्मापासून कापलेले, ‘कल्ट’ म्हणजे गुरू, माळ आणि ठरावीक वेश असलेली फसवी टोळी, ‘डिनॉमिनेशन’ फक्त ख्रिश्चनांचं, ‘क्रीड’ म्हणजे जात. आणि परदेशी अभ्यासकांनी वारकऱ्यांना मुद्दाम कल्ट ठरवलं. जागे व्हा, पुढे पाठवा वगैरे.

आधी कल्ट, कारण विष तिथंच आहे. पुरावा म्हणून एका फ्रेंच अभ्यासकाचं ‘द कल्ट ऑफ विठोबा’ हे इंग्रजी पुस्तक पुढे केलंय. ते १९६० साली छापलं कुणी? पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं! लॅटिन ‘कोलेरे’ म्हणजे जमीन कसणं, निगा राखणं, देवाची सेवा करणं. त्यातून ‘कल्टस’, म्हणजे उपासना. ‘अ‍ॅग्रिकल्चर’ही त्याच घरातलं. अभ्यासकांच्या लेखी कल्ट म्हणजे दैवताभोवतीची उपासना: काकडा, एकादशी, वारी. ख्रिस्ती संतांच्या उपासनेलाही तिकडचे इतिहासकार कल्टच म्हणतात. मग त्यांनी आपल्याच संतांना शिव्या दिल्या का?

आता नाइलाजानं एक कबूल करतो. आजच्या पेपरात कल्ट आला की ती शिवीच असते. १९७८ साली गयानातल्या जोन्सटाउनला एका अमेरिकी गुरूच्या पंथातली नऊशेहून जास्त माणसं मेली, १९९५ साली ओम शिनरिक्यो या जपानी पंथानं टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला. त्यानंतर तो शब्द सरळ अर्थानं कोण घेणार? भाचीच्या निबंधात मीही तो लिहू देणार नाही. पण माळ दिसली की टोळी, ही कसली परीक्षा? बघायचं ते हे, की सोडून जाणाऱ्याचं काय होतं. दिंडीतून कुणी अर्ध्यात घरी गेला, तर पुढच्या मुक्कामी चहाला फार तर त्याची आठवण निघते.

सेक्ट. हा शब्द कापण्यावरून नाही, ‘सेक्वी’वरून, म्हणजे मागोमाग जाणं. रोमन लेखक सिसेरो तत्त्वज्ञांच्या परंपरांना ‘सेक्टा’ म्हणायचा. कापण्याचा लॅटिन शब्द ‘सेकारे’, त्यावरून आला तो ‘सेक्शन’. इंग्रजीत सेक्टला फुटून निघाल्याची छटा आहे, ती नाकारत नाही. पण व्युत्पत्ती साफ चुकीची.

डिनॉमिनेशन फक्त ख्रिश्चनांचं म्हणणाऱ्यानं संविधानाचं कलम २६ वाचलेलं नाही; सगळ्याच धर्मांतल्या पंथांच्या हक्कांसाठी तिथं हाच शब्द आहे. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ऑक्सफर्ड शब्दकोशातली व्याख्या घेतली: समान श्रद्धा, संघटना आणि स्वतःचं वेगळं नाव असलेला पंथ किंवा समूह. या व्याख्येत खुद्द ‘सेक्ट’ हा शब्द आहे! त्यात मध्वाचार्यांचे अनुयायी बसले. मठ उडुपीचा, रोमचा नव्हे.

क्रीड ‘क्रेडो’वरून, म्हणजे ‘मी मानतो’. फॉर्मवर ‘कास्ट’च्या शेजारी बसतो म्हणून तो जात होत नाही.

मामांना सगळं पाठवलं. उत्तर आलं, “रामकृष्ण हरी. मग इंग्रजीत लिहायचं काय?” म्हटलं, ‘वारकरी’च लिहा, लागलंच तर पुढे ‘ट्रॅडिशन’. ग्रुपवर फॉरवर्ड अजून आहेच. त्याखाली अठ्ठावन्न जणांनी हात जोडलेत.