घुबडाचं खोकं लावा, पण त्या मेसेजप्रमाणे नको

ऊसवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: गव्हाणी घुबडाची एक जोडी वर्षाला सहा हजार उंदीर खाते. इस्राएलने हेच करून उंदरांचा बंदोबस्त केला. जुन्या पेटीला भोक पाडा, बांबूवर सहा फुटांवर ठोका, आत गवत घाला, आठ दिवसांत जोडी येते. नाही आली तर कुठूनतरी पिल्लं आणून सोडा. एकरी एक खोकं, आणि एका हंगामात उसातले उंदीर साफ. सोबत विजेच्या खांबावर लटकवलेल्या खोक्याचा फोटो.

खोकं लावायला माझा विरोध नाही, लावावंच. पण हा मेसेज वाचून लावलं तर एक तर ते रिकामं राहील, नाहीतर आतली पिल्लं मरतील. आणि मग "आम्ही करून बघितलंय, काय उपयोग नाही" असं सांगणारे गावोगाव तयार होतील.

इस्राएलची गोष्ट खोटी नाही. बेत शआन खोऱ्यातल्या स्दे एलियाहू या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीत, १९८३ साली सुरुवात झाली, पुढे देशभर हजारो खोकी लागली, २००२ मध्ये शेजारचा जॉर्डनही सामील झाला. पण मेसेजवाल्याने तिथलं पीक काय होतं ते सांगितलेलं नाही. तिथे प्रश्न मुख्यतः लसूणघासाचा होता. आपल्याकडे जनावरांना घालतो तोच लसूणघास, फार तर गुडघ्याएवढा, वरून उघडा. त्यात व्होल नावाचा मुठीत मावेल एवढा उंदीर.

आता आपल्या कोल्हापूरकडचा, करवीर-हातकणंगल्याचा ऊस डोळ्यांसमोर आणा. आठ-दहा फूट उंच, पानात पान अडकलेलं, आत दिवसाही अंधार. गव्हाणी घुबड जमिनीलगत हळू उडत, कानाने अंदाज घेत शिकार करतं. त्याचे दोन कान थोडे वरखाली असतात, त्यामुळे पूर्ण अंधारातही उंदराची जागा त्याला बरोबर कळते. पण कळून उपयोग काय? उभ्या उसात त्याला पंख पसरून खाली झेपावता येत नाही. म्हणजे वर्षातला मोठा काळ उसाच्या फडातला उंदीर त्याच्या हाती लागत नाही. त्याला मिळतो तो बांधावरचा, पाणंदीतला, भुईमूग-सोयाबीनच्या रानातला, नव्या लागणीतला आणि तोड झाल्यावर उघड्या पडलेल्या खोडव्यातला. हेही थोडं नाही, उंदीर फडातून इकडेतिकडे पसरतो तो याच वाटांनी. पण "उसातले उंदीर साफ" हे खोटं आहे. खोक्याची जागा म्हणून फडाच्या मधोमध नको, मोकळ्या रानाच्या कडेला हवी. नव्या लागणीत पक्षीथांबे उभे केले तर घुबडाला बसून टेहळायला जागा मिळते.

सहा हजारांचा आकडाही त्या व्होलसारख्या बारक्या जनावरांच्या मुलखातला. ब्रिटनमध्ये एक प्रौढ घुबड रात्रीत तीन-चार व्होल खातं असं मानतात. आपल्या शेतातला बिळं करणारा काळा उंदीर पूर्ण वाढला की पावकिलोच्या आसपास जातो, आणि मोठी घूस तर खुद्द घुबडापेक्षा जड भरते. घुबड त्यातले लहान आणि अर्धवट वाढलेले उचलणार. पोट तेवढंच आणि उंदीर मोठा, तर संख्या कमी येणार. पिल्लं वाढत असताना जोडी रात्रभर उंदीर आणते हे मात्र खरं. खोक्याखाली पडलेल्या गोळ्या फोडून बघा: घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि केस-हाडं गोळी करून ओकतं, त्यामुळे आत कवट्या मोजता येतात. फॉरवर्ड केलेल्या आकड्यापेक्षा तो हिशोब बरा.

एकरी एक खोकं म्हणजे सुताराचा धंदा. मलेशियातल्या पाम तेलाच्या मळ्यांत पाच-दहा हेक्टरला एक असं प्रमाण धरतात.

आता खोक्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होणार आहे. मेसेजमधल्या चित्रात भोक तळाला टेकून आहे, कबुतरांच्या खुराड्यासारखं. ब्रिटनमधल्या बार्न आउल ट्रस्टचा साधा नियम आहे: भोकाच्या खालच्या कडेपासून आतल्या तळापर्यंत किमान ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट खोली. कारण घुबडाच्या वीणीतच आहे. मादी चार ते सात अंडी दिवसाआड घालते, पण उबवायला पहिल्यापासूनच बसते. महिनाभराने अंडी एकामागून एक फुटतात आणि थोरल्या-धाकट्यात दोन-दोन आठवड्यांचं अंतर पडतं. दारात खाणं आलं की सगळी तिकडे धावतात. दार तळाला असेल तर त्या रेटारेटीत पिल्लू खाली जातं. आणि जमिनीवर पडलेल्या पिल्लाला गव्हाणी घुबड सहसा भरवत नाही. ते भुकेनं मरतं किंवा कुत्र्याच्या तोंडी जातं.

तेव्हा सुताराला सांगायचं ते असं: तळ किमान दीड बाय दोन फूट, भोक पाच-सहा इंचांचं आणि वरच्या बाजूला, बाहेर कडेला उंच पट्टी मारलेली एक रुंद फळी. आठ-नऊ आठवड्यांची होईपर्यंत पिल्लं उडत नाहीत, तोवर त्या फळीवर येऊन पंख झाडतात. तळाला पाणी निथळायला बारीक भोकं, मागे सफाईसाठी कडीचं दार. बाहेर लावायचं तर बाहेरच्या वापराचं प्लाय घ्या आणि छप्पर पुढे काढा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून पत्र्याचं स्वस्तात करून मिळेल, पण एप्रिलच्या उन्हात त्याची भट्टी होते. गवत नको. घुबड घरटं बांधतच नाही, अंडी लोळू नयेत म्हणून लाकडाचा थोडा भुसा पुरे.

सहा फुटांवरचा बांबू हा सल्ला देणाऱ्याने २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर पाहिलेला नसावा. दहा-बारा फुटांच्या खाली जाऊ नका, आणि मोठं झाड किंवा पक्की भिंत शोधा. बंद पडलेलं गुऱ्हाळघर मिळालं तर सोन्याहून पिवळं: आत आढ्याजवळ खोकं ठेवायचं, पावसाचा प्रश्नच मिटला. फक्त चुलवाण पेटतं असेल तिथे नको. उघड्यावर लावताना तोंड पूर्वेकडे करा, आपला पाऊस नैर्ऋत्य-पश्चिमेकडून झोडपतो. विजेच्या खांबावर तर अजिबात नाही, तुमच्या जिवासाठीही. पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेचं शेत असेल तर खोकंच लावू नका. हा पक्षी खालून उडतो आणि रात्री गाड्यांखाली सापडतो, म्हणून मोठ्या रस्त्यापासून किलोमीटरभर तरी लांब राहायचं.

आठ दिवसांत जोडी? येईलही, जवळपास आधीच राहत असेल तर. एरवी वर्ष जातं, दोन जातात. तोवर साळुंक्या, पारवे, खारी, पिंगळा, सातेरी मधमाश्या, कोणीही भाडेकरू येईल.

पिल्लं आणून सोडा, हा तर सरळ गुन्ह्याचा सल्ला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे घुबड पकडता, पाळता, विकता येत नाही. आणलेली पिल्लं त्या खोक्यात राहणारही नाहीत, आईबापांशिवाय मरतील. जखमी किंवा पडलेलं पिल्लू सापडलं तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

मेसेज विषाबद्दल चकार शब्द काढत नाही. ब्रोमॅडिओलोन या उंदराच्या विषाच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाला तोच सगळ्यात सोपा सापडतो. ते विष घुबडाच्या यकृतात साठत जातं. एकाच रानात वड्याही टाकायच्या आणि खोकंही लावायचं, तर पाहुण्याला जेवायला बोलावून ताटात विष वाढल्यासारखं आहे. वड्या शेजारच्या बांधावर टाकल्या तरी तेच, घुबडाला सातबारा कळत नाही. म्हणून आधी शेजाऱ्यांशी बोला, मग सुताराकडे जा. बोलताना "घुबड म्हणजे अपशकुन" निघेलच. त्यावर वाद न घालता गोळीतल्या कवट्या दाखवाव्यात.

आणि जोडी आलीच तर आनंदाच्या भरात फोटो गावाच्या नावासकट ग्रुपवर टाकू नका. दिवाळीच्या तोंडावर जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे फिरत असतात, आणि पत्ता त्यांना आयता मिळतो.