कारणे दाखवा

सायकल चालवणाऱ्या माणसाकडे पुण्यात कारण असावं लागतं. मोटारवाल्याला कुणी विचारत नाही, की बाबा रे, एकटा जीव आणि पाच सीटं कशाला? कोपऱ्यावरून कढीपत्ता आणायला स्कूटर काढणाऱ्यालाही कुणी हटकत नाही. पण चांगला नोकरीतला, घरी स्कूटर असलेला, केस पिकू लागलेला गृहस्थ साध्या सायकलवरून पोस्टात निघालेला दिसला, की जागच्या जागी चौकशी समिती बसते.

समितीला तीनच कारणं मान्य असतात. एक, पैशाची चणचण. दोन, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि तीन, तुम्ही 'त्यांतले' आहात.

त्यांतले म्हणजे पहाटे पाचला चांदणी चौकाच्या दिशेनं लुकलुकत जाणारे. अंगाला घट्ट चिकटलेले कपडे, पाठीवर शिवलेले खिसे, खिशात केळं. यांची सायकल स्कूटरहून महाग असते आणि तिच्या वजनाबद्दल ते सोनारासारखे ग्रॅममध्ये बोलतात. बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत ही मंडळी २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत मारतात. मला त्यांच्याबद्दल खरोखर आदर आहे. आमच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका त्यांच्यातलेच. रविवारी उजाडायच्या आत बोपदेव घाट चढून जातात, सासवडला मिसळ खातात, घाट उतरून घरी येतात आणि मग गाडी काढून दूध आणायला जातात. डेअरी आमच्या फाटकातून दिसते. मी एकदा विचारलं, "काका, येतायेताच का नाही घेत दूध?" काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अरे, ती दुधासाठी नाहीये." बरोबरच होतं. तिला कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, साधा स्टँडसुद्धा नाही. शिवाय डेअरीबाहेर भिंतीला टेकवून आत गेलं, तर दुधाची पिशवी हातात येईपर्यंत सायकल तिथं असेल याची हमी कोण देणार?

दुसऱ्या टोकाला रात्रपाळीचा वॉचमन, पेपर टाकणारा पोरगा, हँडलला डबा अडकवून साइटवर निघालेला गवंडी. त्यांना कुणी कारण विचारत नाही. विचारायची गरजच नसते.

मी मधला. माझी सायकल बिनगिअरची, पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअर, घंटी वाजते. मी तिच्यावरून बँकेत जातो, मंडईत जातो, कधीमधी ऑफिसलाही जातो. का जातो? जवळ आहे म्हणून. पण 'जवळ आहे म्हणून' हे कारण समितीच्या यादीत नाही.

त्यामुळे सुरुवातीला आमचं प्रकरण पहिल्या सदरात नोंदवलं गेलं. शेजारच्या काकूंनी बायकोला जिन्यात गाठून अगदी हळू आवाजात विचारलं, "अगं, तुझे मिस्टर सायकलवर दिसले परवा. सगळं ठीक आहे ना?" बायको म्हणाली, "हो की." काकू म्हणाल्या, "नाही, काही लागलं तर सांग हो. संकोच करू नकोस." बायकोनं ते मनावर घेतलं आणि त्या महिन्यात दोनदा विनाकारण रिक्षा नव्हे, एसी टॅक्सी मागवली, तीही काकू गॅलरीत असताना. सायकलमुळे वाचलेले पैसे असे गेले.

ऑफिसच्या फाटकावर निराळा अनुभव. सुरक्षारक्षकानं लांबूनच हात केला, "डिलिव्हरी मागच्या गेटनं!" मी गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. त्यानं ते वाचलं, मला न्याहाळलं, पुन्हा वाचलं. "मग गाडी कुठंय?" "हीच." "हिला स्टिकर पाहिजे." "गाड्यांना असतो तो?" "हां." "मग सायकलचा मिळेल का?" "सायकलचा नसतो." एवढं बोलून तो थांबला. मीही थांबलो. मागे मोटारी भोंगे वाजवायला लागल्या, तेव्हा त्यानं नाइलाजानं मला आत सोडलं.

मॉलच्या तळघरात तर मशीनच होतं. आडव्या दांड्यापाशी खुर्चीवर एक मराठवाड्याकडचा मुलगा.

"नंबर सांगा साहेब."

"नंबर नाही."

"नवी हाय का? पासिंग व्हायचंय?"

"अरे, सायकल आहे."

"ते दिसतंय हो. पण नंबर टाकल्याबिगर पावती निघत न्हाई, आन पावती निघाल्याबिगर दांडा उठत न्हाई."

दांड्याच्या बाजूला चांगली दोन हातांची फट होती. मी तिकडे नुसतं पाहिलं, तर तो म्हणाला, "तसं करू नका. वर क्यामेरा हाय." मग वॉकीटॉकी निघाला. "सर, एक सायकल आलीया." पलीकडून खरखर. "न्हाई सर, पायानं मारायची." पुन्हा खरखर. "न्हाई, पोरगं न्हाई, मोठा माणूस हाय." शेवटी सुपरवायझर स्वतः खाली आले. सायकलीभोवती एक चक्कर मारली. चाकं मोजली असावीत, कारण म्हणाले, "दोन चाकं, म्हणजे टू-व्हीलर. वीस रुपये." मी तक्रार केली नाही. एवढा वेळ माझ्या सायकलीचा दर्जा ठरवण्यात कुणी घालवला नव्हता. नंबराच्या जागी मुलानं चार शून्यं टाकली. असा फॅन्सी नंबर आरटीओत लाखभर मोजूनही मिळायचा नाही. मी वर जाऊन तीस रुपयांचं बटणांचं पाकीट घेतलं आणि खाली आलो.

पेठांमधल्या रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ च्या पाट्या असतात. सम तारखेला एका बाजूला गाड्या, विषमला दुसऱ्या. सायकलनं कोणत्या तारखेला कुठं उभं राहायचं? एकदा चुकीच्या बाजूला लागलेल्या गाड्या उचलायला टेम्पो आला. कर्ण्यावरून नंबर पुकारत होते. माझ्या डावीकडची स्कूटर उचलली, उजवीकडची मोटारसायकल उचलली. मधली सायकल तशीच. मी दुकानाच्या पायरीवर ताकाचा ग्लास धरून उभा होतो. वास्तविक आनंद व्हायला हवा होता. पण एखाद्याला इतकंही हिशेबात धरू नये?

मामाला हे सांगितलं तर तो उसळला. "आमच्या वेळी मान होता सायकलला. कर भरावा लागायचा! बिल्ला मिळायचा." पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं तो काळ मामानं पायडल मारून काढलेला. बिल्ला नसला की पकडायचे, डबलसीट दिसली की पकडायचे, अंधारात दिवा नसला की पोलीस चाकाची वालट्यूबच काढून घ्यायचा आणि मग घरापर्यंत सायकल हातात धरून चालायचं. मामा हे सगळं इतक्या अभिमानानं सांगतो की वाटावं, त्याला पदक मिळालं होतं. २०१७ च्या शेवटाला औंधात आणि विद्यापीठात मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या, तेव्हाही तो हसला होता. "यात नवीन काय? आमच्या नाक्यावर तासावर सायकल मिळायची. मोबाइलऐवजी वही होती आणि उशीर झाला तर दुकानदार घरी यायचा." मोबाइलवाल्या सायकलींच्या बाबतीत घरी येणारं कुणी नव्हतं. काही दिवसांत त्यांच्या टोपल्यांत पावभाजीचे द्रोण दिसू लागले आणि एकीला तर मी कुणाच्या तरी पार्किंगमध्ये खासगी साखळी-कुलपात बांधलेली पाहिली.

त्याच वर्षी शहराचा सायकल आराखडाही झाला. ८०० किलोमीटरहून मोठं जाळं. कागदावर ते फार देखणं आहे, मी पाहिलंय. जमिनीवर त्यातलं जे उतरलंय आणि जे आधीपासूनच होतं, त्यातला पौड रस्त्याचा एक तुकडा माझ्या रोजच्या वाटेवर येतो. सुरुवातीला लोखंडी खांब. स्कूटरी घुसू नयेत म्हणून लावलेले. तरी स्कूटर आरामात आत जाते. माझं हँडल मात्र अडकतं, कारण मी मधून जातो आणि स्कूटरवाले पडलेल्या तिसऱ्या खांबाच्या जागेतून जातात. पुढे विजेची डीपी. तिला वळसा घातला की बसथांबा, तिथली माणसं ट्रॅकवर उभी, कारण थांब्याच्या छपराखाली कुत्री झोपलेली. मग भुर्जीची गाडी बंद अवस्थेत, ताडपत्री पांघरून. मग उखडलेले पेव्हर ब्लॉक, ज्यांवरून गेलं की टोपलीतले टोमॅटो घरी पोचेपर्यंत प्युरी होतात. एवढ्या सगळ्यातून मार्ग काढत असताना मागून भोंगा. एक काका ॲक्टिव्हावर. "अहो, साइड द्या ना! सायकलवाल्यांनी रस्त्यानं जायचं, इथं कशाला गर्दी करता?"

मी साइड दिली. वाद घालायला दम शिल्लक लागतो, आणि कोथरूडला परतताना तो नसतो. ही गोष्ट मोटारवाल्यांना आयुष्यभर कळत नाही: कोथरूड वर आहे. डेक्कनला जाताना आपण नदीकडे उतरत असतो, त्यामुळे सकाळी वाटतं, वा, काय तब्येत आहे आपली! संध्याकाळी तोच रस्ता सबंध शहराचं कर्ज फेडल्यासारखा चढत राहतो. पावसाळ्यात तर वारा पश्चिमेचा, म्हणजे परतताना नेमका तोंडावर. नळस्टॉपपाशी दुमजली पुलाखालून जाताना डोक्यावर मोटारींचा मजला, त्यावर मेट्रोचा, आणि तळमजल्यावर छत्री न धरता येणारा मी.

हवा भरणं हा वेगळाच अध्याय. पंक्चरवाल्यांची दुकानं आता ट्यूबलेसची झालीत. "सायकलचं आपण करत नाही" असं सांगतात, तेही असं, की आपण जणू बैलाला नाल ठोकायला नेलंय. एक म्हातारे चाचा अजून करतात, गल्लीच्या तोंडाशी. ते ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बोटाबोटानं सरकवत नेतात, बारीक बुडबुडा दिसला की तिथं अंगठा, मग कोरडं करून कानसेनं घासणं, सोल्युशनचं बोट, फुंकर, आणि ठिगळ चिकटवताना चेहऱ्यावर असा भाव की मध्ये बोलायची छाती होऊ नये. पण चाचा शुक्रवारी दुपारी नसतात आणि माझं चाक शुक्रवारी दुपारीच बसतं. मग पेट्रोल पंप. तिथला मुलगा म्हणाला, "किती भरू?" मी टायरवर लिहिलेलं वाचून सांगितलं, "पन्नास." तो नळी घेऊन दोन पावलं मागे सरला. "सर, मोटारीत तीस-बत्तीस भरतो आम्ही. सायकलीत पन्नास?" मी म्हटलं, "लिहिलंय तसं." सायकलच्या टायरला मोटारीपेक्षा जास्त दाब लागतो, हे खरंच आहे. त्यानं मान वळवून, डोळे मिटून हवा भरली.

एवढं सगळं सोसूनही कारणाचा प्रश्न सुटेना. शेवटी सिग्नलला शेजारी थांबलेल्या एका आजोबांनी विचारलं, "काय हो, सायकल?" आणि माझ्या तोंडून कंटाळून निघून गेलं, "शुगर."

आजोबांचा चेहरा उजळला. "फास्टिंग किती?"

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. "एकशे चाळीस."

"जेवणानंतर?"

"दोनशेच्या आसपास."

"हॅ, काहीच नाही. माझी दोनशे साठ होती!" सिग्नल सुटला तरी ते मला मेथीदाण्याचं प्रमाण सांगत होते. मागचे भोंगे वाजवत होते. आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझ्या सायकलसाठी रस्ता अडवून धरला होता.

त्यानंतर सगळं सोपं झालं. ऑफिसचा सुरक्षारक्षक म्हणाला, "आमच्या वडिलांनाबी हाय," आणि तेव्हापासून फाटक लांबूनच उघडतं. मॉलमधल्या मुलानं फटीतून जायची परवानगी दिली. शेजारच्या काकूंच्या नजरेतली दया गेली आणि तिथं आदर आला. त्यांनी स्वतःच्या मिस्टरांना माझं उदाहरणही दिलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मग आधी सांगायचं ना!"

बातमी सहकारनगरला आत्याकडे पोचायला वेळ लागला नाही.

गणेशचतुर्थीला आम्ही तिच्याकडे जेवायला असतो. बायको स्कूटरवरून पुढे गेली. मी म्हात्रे पूल, दांडेकर पूल, पर्वतीचा पायथा असं करत, वाटेत मूर्ती घेऊन निघालेल्या टेम्पोंच्या आणि ढोलांच्या मधून, भुरभुर पावसात तो शेवटचा चढ चढून पोचलो तेव्हा पोटात आग पडली होती. आरती झाली. पानं मांडली. सगळ्यांच्या पानात उकडीचे मोदक, त्यांवर तुपाची धार. माझ्या पानात नाचणीची भाकरी, काकडीची कोशिंबीर, आणि वाटीत काहीतरी हिरवं.

"तुझ्यासाठी वेगळं केलंय," आत्या मायेनं म्हणाली. "कारल्याचा रस आधी पिऊन टाक."

"आत्या, मला शुगर नाहीये गं."

"सगळे असंच म्हणतात. तुझे काका पाच वर्षं म्हणत होते."

"अगं, खरंच नाहीये. लोक विचारतात म्हणून मी आपलं—"

"मग सायकल कशाला चालवतोस?"

मी आशेनं बायकोकडे पाहिलं. तिनं शांतपणे तिसरा मोदक उचलला, कळी मोडली, आत तूप जिरू दिलं आणि म्हणाली, "ऐकतच नाहीत हो आत्या. मी तर सांगून सांगून थकले."

निघताना आत्यानं एकवीस मोदकांचा डबा बायकोच्या स्कूटरच्या डिकीत ठेवला, डिकीला कुलूप लागलेलं स्वतः पाहिलं, आणि माझ्या टोपलीत एक किलो कारली टाकली. "आणि हळू जा रे," ती म्हणाली, "चक्करबिक्कर आली तर खिशात साखर आहे ना?"